कराचीला न पोचलेले पैसे

तुळसाकाकीची आठवण निघाली की माझं डोकं अजून फिरतं.

ठाण्याजवळ दिवा गावच्या खाडीकाठी आमची घरं शेजारी शेजारी. तिचा नवरा भिवा मिठागरातला कसबी माणूस. चांगल्या मजुरीसाठी तो कराचीच्या मिठागरांवर गेला. तेव्हा कराचीचं कुणाला काही वाटत नसे. गोविंदा तांडेल आपल्या गलबतातून निरोप, सुकट, पैसे सगळं नेई-आणी, आणि कोणी हटकत नसे. मग देशाचे दोन तुकडे झाले. एकोणपन्नास साली आपण रुपयाची किंमत उतरवली, पाकिस्ताननं त्यांची उतरवली नाही, आणि दोन्हीकडच्या शहाण्यांनी भांडून पैशाची वाटच बुजवली.

नेमका तेव्हाच भिवा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. औषधाला आणि परतीच्या भाड्याला पैसे पाठव, असा त्याचा निरोप आला. काकीनं गळ्यातली सोन्याची माळ मोडली आणि मला घेऊन ठाण्याची एक कचेरी गाठली.

"पाकिस्तानात पैसे पाठवायला परवानगी लागते," साहेब मान वर न करता म्हणाला. "कारण सबळ हवं."

"माजा दादला मरतंय. अजून कसला कारन पायजे?"

साहेबानं पुढच्या माणसाला बोलावलं. समोरची दौत त्याच्या टाळक्यात घालायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

त्यात भर म्हणजे शेजारच्या नाथाचा मुलगा बहरीनला. तिथे आपलीच नोट चाले, त्याचे पैसे बिनबोभाट घरी येत. काकी चिडून म्हणे, "बहरीन कुनाचा कोन, तो उघरा. कराची कालपरवापरयंत आपली, ती बंद. कुना मेल्याची ही अक्कल?"

शेवटी तिनं गोविंदाला गाठलं. नोटा मेणकापडात गुंडाळून सुकटीच्या मडक्यात तळाशी घातल्या. बंदरावर झडती घेणारे साहेब म्हणजे वरणभात खाणारे. नाकाला रुमाल लावून पुढे सरकतील, याची तिला खात्री होती. पण त्या दिवशीचा साहेब निघाला वसईकडचा. त्यानं झाकण काढलं, मन भरून वास घेतला आणि घरी न्यायला सुकट काढता काढता हात तळाशी घातला. नोटा जप्त झाल्या, गोविंदा आत गेला. सुकट मात्र साहेबानं नेलीच.

महिन्याभरानं पोस्टमन कराचीचं कार्ड घेऊन आला. मीच वाचून दाखवलं. भिवा गेला होता.

काकी रडली नाही. तिनं कार्ड माझ्या हातातून ओढलं आणि पोस्टमनच्या तोंडासमोर धरलं.

"याला परवानगी नाय लागली? याला कुनी नाय अरवला?"

तो बिचारा सायकल ढकलत बांधावरून निघाला. काकी कार्ड हातात घेऊन त्याच्यामागे ओरडत धावली, "सांग ना रं! याला कसा येऊ दिला?"