प्रोव्हेटीचा कबुलीजबाब

चंद्रहास भणगे नगरला एका दूध संघात हिशेबनीस होता, पण गावात त्याची ओळख ती नव्हती. वीस वर्षं त्याने हौशी नाटकांतून कामं केली होती. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळवलं होतं. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्दन् शब्द ऐकू जावा.

२०१३ साली त्याच्या बायकोला, मृणालिनीला, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागात नोकरी लागली. दहा वर्षांच्या जुईला घेऊन तोही मागोमाग आला. लायडनला घर घेतलं. मी आणि मृणालिनी ऑफिसात एकाच मजल्यावर बसायचो, त्यामुळे आमचं जाणंयेणं सुरू झालं.

पहिलं वर्ष त्याने घर सांभाळलं. मग विमानतळाजवळ बाडहूव्हडॉर्पला विमानाने येणाऱ्या मालाच्या एका गोदामात काम धरलं. खोक्यांवर लेबलं लावायची, प्लास्टिक गुंडाळायचं. तिथे भाषा फारशी लागत नसे. संध्याकाळी तो नगरपालिकेच्या डच भाषेच्या वर्गाला जाई. वाचायला बरं जमे, बोलताना मात्र जीभ अडायची. आवाजाच्या जोरावर जगलेल्या माणसाला दुकानात ब्रेड मागताना समोरच्याने दोनदा "काय?" म्हणावं, याचा त्याने धसकाच घेतला होता.

गणपतीत रायस्वाइकच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम असे. तिथे त्याने एका प्रहसनात काम केलं. नवरा, बायको आणि बिघडलेला डिशवॉशर. लोकांनी डोक्यावर घेतलं. घरी येताना तो गाडीत म्हणाला, "मृणाल, हे मी परत करणार नाही."

"अरे, लोकांना आवडलं की."

"म्हणूनच."

२०१६च्या वसंतात डचच्या वर्गातल्या बाईंनी त्याला सुचवलं, की गावातली हौशी नाटकमंडळी उन्हाळ्यात एक नाटक करतायत, तिकडे जा, बोलायचा सराव होईल. तो गेला. दिग्दर्शिका हेस्टर ही शाळेतून निवृत्त झालेली इतिहासाची शिक्षिका होती. १५९५ साली लायडनच्या न्यायाधीशांनी एका कुत्र्यावर रीतसर खटला चालवला होता. कुत्र्याचं नाव प्रोव्हेटी. एका लहान मुलाच्या हातात मांसाचा तुकडा होता, कुत्र्याने तो ओढताना मुलाच्या बोटाला चावा घेतला, आणि भेदरलेलं ते मूल पुढे दगावलं. कुत्र्याला फाशी झाली. निकालपत्र अजून शिल्लक आहे, आणि त्यावरच हेस्टरने नाटक बेतलं होतं.

चंद्रहासने तिच्यासमोर एक उतारा वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत राहिली. मग संकोचाने म्हणाली, "आवाज सुंदर आहे तुमचा. पण लोकांना समजणार नाही." आणि जरा थांबून, "एक भूमिका आहे. बोलायचं काही नाही. रागावू नका."

तो रागावला नाही. घरी आल्यावर त्याने सांगितलं, "मुख्य काम मिळालंय." आणि मग, भाजी चिरता चिरता, "कुत्र्याचं."

जुई तेव्हा तेरा वर्षांची होती. मराठी तिला बहुतेक सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं, नाहीतर डचमध्ये. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "प्लीज, माझ्या शाळेत कुणाला सांगू नका."

त्याने ते काम मन लावून उचललं. सुट्टीच्या दिवशी बागेत बसून कुत्री बघायचा. घाबरलेलं कुत्रं आधी कान पाडतं की शेपूट, मालक ओरडला की नजर कुठे नेतं. गोदामात मिळालेले गुडघ्यांचे पट्टे बांधून तो तालमीत चार पायांवर चाले. गुडघे सुजायचे. मृणालिनी बर्फ लावून द्यायची.

निकालपत्र त्याने शब्दकोश घेऊन वाचून काढलं, आणि एका ओळीवर अडकला. कैद्याने छळ न करता, बेड्या न घालता, स्वतःहून गुन्हा कबूल केला, असं त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तालमीआधी त्याने ती ओळ हेस्टरपुढे धरली.

"कबूल केला, म्हणजे तो काहीतरी बोलला."

"ती कायद्याची ठरावीक भाषा आहे, चंद्रहास. कुत्रं काय बोलणार?"

"न्यायाधीशांनी काहीतरी ऐकलं आणि त्याला कबुली म्हटलं. ते काय होतं, एवढंच मला करू द्या. माझ्या भाषेत. तसंही कुणाला कळायला नको आहे ना?"

हेस्टरने बराच विचार केला. न्यायाधीशाचं काम करणारा दंतवैद्य म्हणाला, बघू या तरी. तिने दोन मिनिटं दिली.

ती दोन मिनिटं लिहायला त्याने तीन आठवडे घेतले. मृणालिनीलाही वाचून दाखवलं नाही.

प्रयोग जूनमध्ये, जुन्या तुरुंगाजवळच्या एका अंगणात होते. संध्याकाळी चांगलं ऊन होतं. मी, मृणालिनी आणि जुई तिसऱ्या रांगेत बसलो होतो. जुईने डोक्यावर हूड ओढून घेतलं होतं, कारण तिच्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांबरोबर पुढेच बसली होती.

चंद्रहास दोरीला बांधलेला आत आला आणि मी खरंच सावरून बसले. कातडं नाही, मुखवटा नाही, साधा तपकिरी सदरा. पण तो माणूस नव्हता. कुणी बोलू लागलं की तो ज्याच्या तोंडातून आवाज येतोय त्याच्याकडे बघायचा, मग पुढच्याकडे, आणि त्यातून आपलं काय होणार हे हुंगायचा प्रयत्न करायचा. अंगण चिडीचूप झालं होतं.

मग न्यायाधीशाने विचारलं, "कैदी गुन्हा कबूल करतो का?"

चंद्रहास चार पायांवरच होता. त्याने मान वर केली आणि नगरच्या रंगमंचावरचा तो आवाज लायडनच्या भिंतींवर आदळला.

"मला वास आला. मांसाचा. एवढंच मला ठाऊक आहे. हात लहान होता, हे मला दिसलं नाही. पोर किंचाळलं तेव्हा मी ओशाळलो, सोडून दिलं, कोपऱ्यात जाऊन बसलो. तेव्हापासून तुम्ही बोलताय. मी तुमच्या ओठांकडे बघतोय. तुमच्यातला एक जण मऊ बोलतो, तो बोलला की मला वाटतं आता घरी सोडतील. माझं नाव तेवढं मला कळतं. ते तुम्ही फार वेळा घेताय."

पहिल्या वाक्यालाच मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. कुत्रं भलत्याच भाषेत भाषण करतंय, यात मौज होती, आणि लोक उन्हाळ्याची संध्याकाळ घालवायला आले होते. "ओशाळलो"पर्यंत सगळं अंगण हसत होतं. तो थांबला नाही. शब्द स्वच्छ टाकत राहिला, आणि प्रत्येक विरामात हशा भरत गेला. मृणालिनीने माझा हात घट्ट धरला होता. पुढे निकाल वाचला गेला, कुत्र्याची सर्व मालमत्ता जप्त करावी हे मूळ निकालपत्रातलं खरोखरचं वाक्य आलं, त्यावर आणखी हशा. मग त्याला दोरीने ओढत लाकडी पायऱ्यांवर नेलं, ढोल वाजला आणि नाटक संपलं.

हेस्टरने त्याला मिठी मारली. "तुझं बरोबर होतं. त्यांना तू फार आवडलास. उद्या विराम थोडे वाढव, लोकांना हसायला जागा मिळेल."

घरी सायकलींवरून आलो. जुई सगळ्यांच्या पुढे होती. दाराशी सायकलला कुलूप लावताना तिने वर न बघता इंग्रजीत विचारलं, "बाबा, ओशाळणं म्हणजे काय?"

तो म्हणाला, "आपण चुकलोय हे आपल्याला कळतं, आणि समोरच्याकडे बघवत नाही. तसं."

तिने किल्ली खिशात टाकली. "ओके," म्हणाली आणि आत गेली.

पुढचे प्रयोगही तसेच झाले. लोकांमध्ये बातमी पसरली होती; मराठी बोलणाऱ्या कुत्र्याला बघायला ते हसायच्या तयारीनेच येऊ लागले. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला, खाली "उन्हाळ्यातला सर्वांत विनोदी कैदी" अशी ओळ. गोदामातल्या कुणीतरी तो कापून जेवणाच्या खोलीत चिकटवला. येताजाता तिथली तरुण मुलं त्याच्याकडे बघून प्रेमाने भुंकायची. तोही हसायचा.

शेवटच्या प्रयोगाला आम्ही गेलो नव्हतो. न्यायाधीशाने विचारल्यावर तो बोललाच नाही, हे मृणालिनीला नंतर हेस्टरकडून कळलं. तो फक्त बघत राहिला. दंतवैद्याने प्रश्न पुन्हा विचारला. लोक वाट बघत होते, मग चुळबुळ करू लागले. कुणीतरी मागून भुंकून दाखवलं. शेवटी दंतवैद्याने "कैद्याला गुन्हा कबूल आहे" म्हणून वेळ मारून नेली.

"असं का केलं त्याने?" हेस्टर फोनवर विचारत होती. "आजारी आहे का? किती छान चाललं होतं."

मृणालिनीनेही त्याला विचारलं. तो म्हणाला, "कळायला नको आहे असं मीच म्हणालो होतो ना. मला वाटलं होतं, तरी कळेल."

त्यानंतर तो नाटकमंडळीकडे गेला नाही. पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. त्याने पाठीचं कारण सांगितलं. गोदामात तो शिफ्टचा प्रमुख झाला. कामापुरती डच आता त्याला सफाईने येते, फक्त ती बोलताना आवाज वेगळाच लागतो, खालचा आणि सपाट. मराठी बोलतानाही हळूहळू तोच लागू लागला. मृणालिनीच्या हे लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्या खोलीतून हाक मारतो, तर मला ऐकूच येत नाही आता."

२०१९च्या गणपतीत मंडळाने त्याला पुन्हा नाटकाबद्दल विचारलं, या वेळी प्रहसन नव्हे, पूर्ण दोन अंकी. मीच मध्यस्थ होते.

"आवाज लागत नाही," तो म्हणाला. "पडदा ओढायला येतो हवं तर."

आणि आला. दोन्ही अंकांना पडदा वेळेवर ओढला. कार्यक्रम संपल्यावर लोक वडे खात गप्पा मारत होते आणि तो खुर्च्या घडी करून भिंतीशी लावत होता. जुई बाहेर गाडीत बसून मैत्रिणीशी डचमध्ये फोनवर बोलत होती. मी म्हटलं, "राहू दे रे, मुलं लावतील." त्याने मान हलवली आणि पुढची खुर्ची उचलली.