उरलेल्या रोलमधली मुलगी

गावात त्यांना सगळे 'हलूनका काका' म्हणत. पासपोर्ट साइज फोटो काढणाऱ्या माणसाला दुसरं नाव मिळणार तरी कुठलं? चाळीस वर्षं ते स्टुलावर बसलेल्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करायचे, मागे सरकायचे आणि म्हणायचे, "हलू नका." शाळेचा दाखला असो नाहीतर नोकरीचा अर्ज, निम्म्या गावाचे चेहरे त्यांच्या हातून गेले होते. फोटोच्या मागे ते आपल्या नावाचा शिक्का मारत, आणि लोक नेमका त्याच शिक्क्यावर गोंद फासून फोटो अर्जाला चिकटवत. एवढं करून काकांचं नाव कुणाच्या बापाने वाचलेलं नव्हतं. हे त्यांना सलायचं. बोलायचे नाहीत, पण सलायचं.

आणि आज सकाळी फोन आला. तेव्हापासून काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

फोन पुस्तकं छापणाऱ्या एका बाईंचा होता. जिच्या कार्यक्रमाची तिकिटं मिळता मिळत नाहीत, त्या व्हायोलिनवालीवर पुस्तक निघत होतं. तिच्या घरी कधी कॅमेराच नव्हता, त्यामुळे लहानपणचा एक फोटो सापडेल तर शपथ. पण ज्या जिन्यात बसून ती वाजवायची, त्या जिन्याखाली एक स्टुडिओ होता, हे तिनेच सांगितलं होतं.

"पोज दिलेले नकोत हं," बाई म्हणाल्या. "तिला पत्ता नसताना काढलेले असले तरच. खाली तुमचं नाव छापू. ती स्वतःच बघायला येतेय, संध्याकाळी पाचला."

"नाव छापणार!" काकांनी बायकोला तीनदा सांगितलं.

"अहो, कळलं मला," बायको म्हणाली. "आता जरा मांजराला सांगा, ते बिचारं मघापासून वाट बघतंय."

फोटो होते, चांगले तेवीस होते. त्या काळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो संपल्याशिवाय धुवायला घेता यायचा नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं आणि रोलमध्ये एक-दोन शिल्लक, असं नेहमीच व्हायचं. मग काका दाराचा पडदा बोटभर सरकवत आणि उरलेले फोटो जिन्यात उडवून टाकत. जिन्यात ती असायचीच. वर एका खोलीत सात माणसं, तिथे कोपर पसरायला जागा कुठली? तिसऱ्या पायरीवर बसून ती तासन्‌तास वाजवायची. तेव्हाचं तिचं वाजवणं म्हणजे, खरं सांगायचं तर, त्यापेक्षा गंजलेलं दार बरं.

बिस्किटांच्या डब्यातून फोटो निघाले. बायकोने चष्मा लावला. एकात ती आ वासून जांभई देत होती, एकात व्हायोलिनच्या गजाने पाठ खाजवत होती, एकात डोळे चकणे, एकात हातभर जीभ बाहेर.

"एवढी मोठी झालेली पोरगी येणार, आणि तिला हे दाखवणार तुम्ही?" बायको म्हणाली. "आल्या पावली परत जाईल!"

"अगं, पण बघ ना किती मोकळी आहे! जन्मभर मी माणसं खिळे ठोकल्यासारखी बसवली. हिला तेवढं चोरून टिपलं. तिला पत्तासुद्धा नव्हता!"

पाचला ती आली. आधी जाऊन तिसऱ्या पायरीवर बसली, मग आत आली. काका "या, बसा, आपण चहा घेणार का," असं अगदी अदबीने बोलत होते. पहिलाच फोटो बघून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"काका, एक सांगू? रागवायचं नाही. मला सगळं माहीत असायचं."

"काय माहीत असायचं?"

"आधी तुमच्या पडद्याच्या कड्या वाजायच्या, मग खट्. तुम्ही दिवसभर सगळ्यांना हलू नका म्हणायचा. म्हटलं, तुमच्यासाठी एकीने तरी हलावं. म्हणून मी मुद्दाम तोंडं वाकडी करायचे."

काका मटकन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. म्हणजे आयुष्यात चोरून काढलेले तेवीस फोटो, तेही पोज दिलेलेच! छापून येणारं नाव तर गेलंच, वर चोरीही पहिल्या दिवसापासून पकडलेली. ती एकेक फोटो बाजूला ठेवत होती, "हा माहीत होता, हाही माहीत होता." काकांना फार वाईट वाटत होतं आणि बायको तोंडावर हात दाबून हसत होती.

शेवटच्या फोटोवर ती थांबली. त्यात एक चप्पल घरंगळून खालच्या पायरीवर गेली होती, आणि मुलगी कुणाकडेच बघत नव्हती.

"हा कधी काढलात?" तिचा आवाज बदलला होता. "एक ओळ मला तीन महिने वाजवता येत नव्हती. त्या दिवशी आली. काका, मला खट् ऐकूच आलं नाही."

"अगं, खट्चं काय घेऊन बसलीस?" काकांची अदब कुठल्या कुठे गेली. "मी पडद्यामागे नव्हतोच! हातातलं काम टाकून बाहेर आलो होतो, तुझ्या पुढ्यात उभा होतो. तुला मीसुद्धा दिसलो नाही."

तिने डोळे पुसले. "हाच पहिल्या पानावर," ती म्हणाली आणि कागद-पेन पुढे केलं. "पूर्ण नाव लिहून द्या. मला तर हलूनका काकाच माहीत."

काकांनी पेन धरलं. हात असा थरथरायला लागला की पहिलंच अक्षर ओळ सोडून वर गेलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "हलू नका."

पण हात काही ऐकेना.