परग्रहवासी आणि डोळे वटारलेला बाप्पा

मंडळी, आज हमरापुरात आमच्या गणपतीच्या कारखान्यात भलताच प्रकार झाला.

मूर्तींचे डोळे आखायचं काम माझ्या सासूबाईंचं. हात चालू असताना त्यांना मालिका लागते, म्हणून मी मोबाईलवर एक जुनी परग्रहवाल्यांची मालिका लावून दिली. परग्रहवासी पाहुणे म्हणून येतात, गोड बोलतात आणि हळूहळू अख्खं गाव बळकावतात. मग गावकरी लढायला उठतात.

सासूबाई पेटल्याच! "अगो, या मेल्यांना घरात घेतलंच कशाला?" असं ओरडत त्या डोळे आखत होत्या.

भाग संपल्यावर बघते तर काय, बाप्पा डोळे वटारून बसलेला! आणि नेमकी तीच मूर्ती न्यायला रोह्याच्या एक गिऱ्हाईक ताई दारात.

"ताई, उद्या नवीन डोळे आखून देते," मी गयावया केली.

"नाय गो, असाच रव दे. आमचा गणपती दीड दिवसाचा हाय, पण नवऱ्याची मावशी दहा दिवस हलत नाय. यंदा बाप्पाच बघून घेईल तिला."

मी पोट धरून हसले.

संध्याकाळी आमच्या घरच्या मूर्तीवरचं फडकं काढलं. तिचेही डोळे तसेच!

यंदा गणपतीला माझी आई यायची आहे. आता मी काय समजायचं, तुम्हीच सांगा!