कुंकवाची पटाशी

आमचे मालक म्हंजे भागवत नालबंद. झरीत अन् आसपासच्या गावांत बैलाला नाल ठोकायचे म्हणले की लोक ह्यांच्याकडंच येतात. ट्रॅक्टरं लय झाली, पण ऊसतोडीला बैलजोडी घेऊन जाणारे हायेत, तवर आमचं भागतंय. माणूस तसा गरीब, पण हत्याराला कुणी हात लावला की अंगावर धावून येतात. हातोडी, सांडशी, खूर तासायची पटाशी, समदं पुसायचं, करडईचं तेल लावायचं, गोणपाटात गुंडाळायचं. पटाशी तर रोज दगडावर घासणार. मी एकदा तिनं नारळ फोडला, तर अख्ख्या आळीनं ह्यांचा आवाज ऐकला! "बोथट पटाशीनं जनावराचा पाय जातो, कळतंय का तुला?"

खंडेनवमीला हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतो. अन् इकडच्या ऊसतोडीवाल्यांचा एक हट्ट. दसरा झाला की पहिला नाल कुंकू लागलेल्या हत्यारानंच पाहिजे, साल चांगलं जातंय म्हणे. म्हणून औंदा ह्यांनी पटाशी पुसली न्हाई, दगडावर घासलीबी न्हाई. ओलं कुंकू पात्याला तसंच ऱ्हायलं अन् खालून गंज धरला. मी म्हणलं, "आवो, धार तरी बघा."

"गप बस. कुंकू गेलं तर लोक काय म्हणतील?"

सगळ्यात आधी ऊसतोडीवाला भारत आपला बैल घेऊन आला. गावच्या नात्यानं ह्यांना मामा म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोळीचा ट्रक तोडीला निघणार होता, अन् बैल धड नसला तर मुकादम दुसऱ्याची जोडी नेणार. बैल आडवा पाडला, पाय बांधले, मी दावं धरलं. ह्यांनी पटाशी लावली, तर ती खुरात शिरंना. मग जोर लावला. पटाशी सटकली अन् आतल्या हुळहुळ्या जागी घुसली. अगं माय, काय ते रगत! बैल असा हंबरला की माझ्या हातातलं दावं सुटता सुटता ऱ्हायलं.

"हाल्लास ना मुडद्या! उद्या जायचंय अन् आज हाल्लास!" म्हणत भारतनं बांधलेल्या बैलाच्या पाठीवर काठी हाणली. मग दुसरी. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे नुसते पटाशीकडं बघायलेत. शरमेनं मला तिथं उभं ऱ्हावंना.

तिसरी काठी उगारली तवा ह्यांच्या तोंडातनं शब्द फुटला. "मारू नको रे. बैल हालला न्हाई. माझी पटाशी बोथट हाय."

"तुमची? काहीबी काय बोलता, मामा!"

ह्यांनी पटाशी स्वतःच्या तळहातावर दाबून ओढली. कुंकवाची रेघ उठली, कातडं काही कापलं न्हाई.

भारतनं काठी टाकली. बैलापाशी खाली बसला, वळ उठले होते तिथं हात फिरवला. ट्रकचं नावबी काढलं न्हाई. मग मान वर करून इचारलं, "मग दोन काठ्या बसूस्तोवर गप का होता, मामा?"

ह्यांनी पात्यावरचं उरलेलं कुंकू पुसून काढलं. दावं हातात धरून मीबी तिथंच होते, माझंबी तोंड कुठं उघडलं!