दुधी बाजू खाली

डूख धरावा तर काचवाल्याने. साप परवडला, तो निदान थंडीत झोपतो तरी.

बाजारात त्याला काचवालाच म्हणायचे. पोटाशी धरून वरून डोकावायचे ते जुने रोलचे कॅमेरे त्याच्याकडे यायचे. त्यांच्या वरच्या झाकणाखाली एक चौकोनी काच असते. समोरचं चित्र तिच्यावर उमटतं, ते बघत फोटो काढणारा भिंग पुढेमागे करतो. काच जुनी झाली की अंधारते, चरे पडतात. ती काढून नवी बसवायची, हा ह्याचा धंदा. काचेची एक बाजू गुळगुळीत, एक दुधी. दुधी बाजू खाली, कॅमेऱ्यातल्या आरशाकडे. उलटी बसली तरी वरून सगळं झकास दिसतं, आणि तिथेच घात होतो; काचेच्या जाडीएवढा फोकस चुकतो. फोटोत माणसं धुरकट येतात आणि त्यांच्या पार मागचं काहीबाही लख्ख येतं.

तसा एक फोटो त्याच्या दुकानात टाचणीने लावलेला होता. त्याच्या आईचा. जन्मभर कॅमेऱ्याला पाठ दाखवणारी बाई एकदाच, नवऱ्याच्या हट्टापायी, परसात खुर्चीवर बसली. फोटो आला तर आईचा चेहरा म्हणजे उकडलेला बटाटा, आणि मागे दोरीवर वाळणारी बापाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी नाडीच्या गाठीसकट स्पष्ट. आई पुढे फार दिवस राहिली नाही. दुसरा फोटो नव्हताच.

बापाचा स्टुडिओ होता, कॅमेराही त्याचाच. हाताखाली दोन मुलगे, काचवाला त्यातला धाकटा. "धाकट्याने काच पुसायला काढली आणि बिघडवली," असं थोरल्याने बापाच्या कानात घातलं. धाकट्याने त्या कॅमेऱ्याला बोटही लावलं नव्हतं. पण दुरुस्तीचं टेबल त्याचं, म्हणून खापरही त्याच्याच डोक्यावर. थोरल्याने कॅमेरा कपाटात टाकला आणि किल्ली स्वतःपाशी ठेवली. बाप मरेपर्यंत धाकट्याशी बोलला नाही. शेवटी हा पाणी पाजायला गेला, तर त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

स्टुडिओ थोरल्याकडे गेला. धाकटा बाजारात दुकान घालून काचवाला झाला.

अशात एक दिवस वहिनी पिशवी घेऊन दुकानात आली.

"भावजी, स्टुडिओ बंद करतायत हे. जाता जाता सगळ्या गोतावळ्याचा एक फोटो काढायचा, तोही मामंजींच्या कॅमेऱ्यावर. काच चरली आहे. नवी द्या."

"देतो बसवून."

वहिनीने नजर टेबलावर ठेवली. "बसवणार ते स्वतः. म्हणाले, नुसती काच आण, त्याच्या हाताचा भरवसा नाही. कॅमेरा मापापुरता पाठवलाय."

काचवाल्याने कॅमेरा पिशवीतून काढला. त्याने झाकण उघडलं. आत काच उलटी, दुधी बाजू वर. ते त्याला फोटोवरूनच कळलं होतं. नवीन होतं ते स्क्रूंवर. स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. काचवाला काळा देतो. हे ठिपके लाल होते, वर चमकी.

वहिनी वाकली. "ही माझी नेलपॉलिश आहे."

"नीट बघा."

"बघायचं काय त्यात? माहेरून आणलेली बाटली. निम्मी कुठे गेली म्हणून मी वन्संशी वर्षभर अबोला धरला होता." ती स्टुलावर बसली. "म्हणजे ह्यांनीच. आणि तुम्ही आजवर गप्प?"

"कपाटाची किल्ली माझ्याकडे नव्हती, वहिनी."

त्याने मापाची नवी काच बटर पेपरात गुंडाळून दिली.

"कोणती बाजू खाली, ते सांगून ठेवा."

"दादाला ठाऊक आहे की. मागे त्यानेच बसवली होती."

वहिनी भिंतीवरच्या सासूकडे बघत राहिली. मग सासूमागच्या चड्डीकडे. "म्हणजे उलटी बसली की मागचं तेवढं नीट येतं."

"तेवढंच."

"तुम्ही याल ना फोटोला?"

"येईन. पण उभा राहीन मागे, फाटकापाशी."

वहिनीने पिशवी उचलली.

फोटोच्या दिवशी स्टुडिओमागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. थोरल्याने सगळ्यांदेखत काच हातात घेतली. दुधी बाजू खाली ठेवली की धूळ धरते, अशी त्याची जुनी समजूत; आईचा फोटो तिच्यापायीच बिघडला, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याने ती वर केली आणि स्क्रू पिळले.

"याला म्हणतात हात," तो म्हणाला.

पुढच्या खुर्चीवर म्हातारी आत्या होती. तिला धड दिसत नव्हतं, पण पदर सारखा करून ती ताठ बसली होती. नाक अगदी आईसारखं. काचवाल्याच्या जिभेवर शब्द आला होता. मग त्याला बापाची पाठ आठवली. त्याने शब्द गिळला आणि तो फाटकाकडे चालू लागला.

"तिकडे कुठे, राखणीच्या कुत्र्यासारखा? पुढे ये," थोरला ओरडला.

"इथेच बरा आहे, दादा. माझं थोबाड जवळून बघवत नाही."

लोक हसले. तेवढ्यात वहिनी खुर्चीवरून उठली.

"तू कुठे निघालीस?"

"पुढे डोळ्यांवर ऊन येतंय. मागे सावली आहे."

ती येऊन दिराशेजारी उभी राहिली. थोरल्याने आत्यावर फोकस धरला, टायमर लावला आणि धावत जाऊन मधल्या खुर्चीवर बसला.

फोटो धुऊन आला त्या दिवशी थोरला तो घेऊन दुकानात उभा राहिला. पुढे बटाट्यांची रास. मधला मोठा बटाटा टाय घातलेला. मागे फाटकापाशी काचवाला, शर्टाच्या लोंबत्या बटणासकट. आणि वहिनी, हात पुढे बांधून. दहाही नखं लालभडक.

"तुला माहीत होतं," थोरला म्हणाला.

"बघत होतो की."

थोरल्याची नजर भिंतीवरच्या आईकडे गेली आणि तिथून लगेच खाली आली. काचवाल्याने त्याच्या हातून फोटो घेतला आणि आईशेजारी टाचणीने लावला.

"फोटोत मी कशी आले, असं आत्या रोज विचारते," थोरला म्हणाला. "तिला काय सांगू?"

"बाबांना सांगितलंस तेच सांग. धाकट्याने बिघडवलं म्हणावं." काचवाल्याने दुसरा कॅमेरा पुढ्यात ओढला. "या खेपेला खोटंही ठरायचं नाही."