सगळ्यांचे फॉर्म मी भरले

नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं, नाशिकरोडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात, मी रायटर होतो. रायटर म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम सांभाळणारा पोलीस. वरून सतत कसली ना कसली माहिती मागवलेली असायची. ज्या रकान्यात भरायला काही नाही तिथे 'निरंक' लिहायचं आणि कागद पाठवून द्यायचा. निरंक लिहिलं की कोणी परत विचारत नाही, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो. या हुशारीचा मला गर्व होता. आज त्याचीच चीड येते.

माझा जोडीदार हवालदार पेठ तालुक्याकडचा. आमची भरती एकत्र, ट्रेनिंग एकत्र. माझी टिंगल केल्याशिवाय त्याचा चहा संपत नसे. "तू कसला रे पोलीस? तुझी काठी पेनाएवढी हाय," म्हणायचा. रुळांवर, नदीत, एकलहऱ्याच्या बाजूला, कुठेही बेवारस प्रेत सापडलं की साहेब त्यालाच पाठवत, कारण तो कुरकुर करत नसे. वर्षानुवर्षं हेच चाललं. आम्हा बाकीच्यांना ते सोयीचं होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मग त्याची टिंगल बंद झाली. माझ्या ते उशिरा लक्षात आलं. तो डबा उघडायचा, वास घ्यायचा आणि तसाच बंद करायचा. हात धुवायला नळावर गेला की बराच वेळ परतच येईना. एका दुपारी मी हटकलं तर म्हणाला, "झोप नाय रे. डोळा लागला का ते सगळे उशाशी येऊन बसतात."

"रजा टाक," मी म्हणालो.

"रजेवर घरी ऱ्हायलो तर ते घरी येतील. घरात बायको हाय."

तो हसला नाही. तरी मी पुढचा कागद ओढून घेतला.

दोन हजार सालानंतर मुख्यालयातून फॉर्मचा गठ्ठा आला. पोलिसांच्या मानसिक आरोग्याची तपासणी. प्रत्येकानं आपला फॉर्म आपल्या हातानं भरायचा, हो किंवा नाही अशा खुणा करायच्या. ज्याला गरज वाटेल त्याला डॉक्टर बोलावणार होते. फॉर्म दुसऱ्या दिवशी परत हवे होते आणि अर्धं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं. मी नेहमीसारखं केलं. चहा मागवला आणि एका बैठकीत सगळ्यांचे फॉर्म भरून टाकले. नाही, नाही, नाही.

जोडीदाराच्या फॉर्मवर 'झोपेचा त्रास होतो का?' या प्रश्नाशी मी थांबलो. 'हो' केलं तर डॉक्टर, मग ठाण्यात कुजबुज, मग बढती अडणार. त्याच्या नावापुढे कायमचा शिक्का बसणार. मी 'नाही'वर खूण केली. त्याचं भलं करतोय असं मला खरोखर वाटलं.

संध्याकाळी सगळे येऊन न वाचता सह्या करून गेले. हा एकटा वाचत उभा राहिला.

"माझं पण तूच भरलं?"

"मग काय! ठणठणीत आहेस. कर सही."

त्याचं बोट झोपेच्या प्रश्नावर थांबलं होतं. "एखादा कोरा फॉर्म हाय का?"

"मोजून आलेत रे. पाकीट न्यायला माणूस खोळंबलाय."

त्यानं सही केली. "चांगलं लिहितो तू," म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या लिखाणाला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. मी खूश झालो.

पंधरा-वीस दिवसांनी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी, भाजी आणतो म्हणून तो घरातून निघाला आणि त्यानं जीव दिला. कुठे, कसा, ते मी इथे लिहिणार नाही. पंचनामा मीच लिहिला, तेवढं पुरे.

चौकशीत तो फॉर्म बाहेर आला. त्याच्या आधारे अहवालात एक ओळ पडली: मयतास कोणताही मानसिक त्रास नव्हता. मग त्रास घरातलाच असणार, असं त्याच्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं.

वहिनी ठाण्यात आल्या त्या दुपारी मी एकटाच टेबलाशी होतो. त्या समोर बसल्या.

"भाऊजी, कागदावर त्यांची सही हाय. डोक्याला काय ताप नव्हता म्हणे. मग माझंच काय चुकलं का? तुम्ही जोडीदार, तुम्ही सांगा."

गप्प बसलो असतो तर माझी नोकरी बिनघोर राहिली असती. पण माझ्याच्यानं राहवेना.

"वहिनी, खुणा माझ्या आहेत. झोप नाही असं त्यानं मला सांगितलं होतं. कोरा फॉर्म मागितला होता. मी दिला नाही."

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून माझ्यासमोर ठेवलं.

"हे कागदावर लिहून द्या," म्हणाल्या. "मी बसते."

जबाबासाठी कोरा कागद काढायला मी खण ओढला. तळाशी त्या तपासणीचे दोन कोरे फॉर्म पडले होते. जास्तीचे आले होते. त्या दिवशी मी ते मोजलेच नव्हते.