सगळे बाण अण्णांकडे

दोन माणसं बोलताना दिसली की आमचे सर त्यांच्यामधे बोटानं हवेत रेघ ओढायचे. चहाच्या टपरीवर ओढायचे, तेराव्याच्या पंगतीतही ओढायचे. एकदा भांडणाऱ्या नवराबायकोच्या मधून ओढली, तर दोघांनी भांडण सोडून सरांनाच धरलं. सर खूश! "बघा, जाळं घट्ट झालं!"

सोलापुरातल्या एका कॉलेजात ते गणित शिकवायचे. मी त्यांच्या विभागाचा क्लार्क. नवी वस्तू माणसामाणसांतून कशी पसरते याचं त्यांनी समीकरण मांडलं होतं. एवढं लांब, की फळा संपून ते व्हरांड्यात गेलं आणि उत्तर शिपायाच्या स्टुलावर लिहावं लागलं. "माणूस म्हणजे ठिपका," ते म्हणायचे. "योग्य ठिपक्याला हात लावा, गाव हलतं." ज्याला घरी बायकोला मिक्सर घ्यायला पटवता आलं नाही, तो गाव हलवायला निघाला! पण मोटारसायकल माझी होती, म्हणून मीही शास्त्रज्ञ.

गाव मंगळवेढ्याजवळचं. वस्तू म्हणजे ज्वारी उपटायचा लोखंडी चिमटा. तिकडं ज्वारी बाया हातानं मुळासकट उपटतात. सुगी सरेपर्यंत तळहाताची सालटी निघतात. चिमटा पसरला तर ते हात वाचणार होते आणि सरांचं समीकरण खरं ठरणार होतं. त्यांची झोप कशानं उडाली असेल, हे काय सांगायला पाहिजे?

सरांनी गावाला एकच प्रश्न विचारला, "शेतीत नवं काही करायचं तर सल्ला कुणाचा घेता?"

"अण्णांचा की!" सगळं गाव एका सुरात. कागदावर सगळे बाण अण्णांकडे. पण आमच्या महाराजांनी हा प्रश्न विचारला कुठं? अण्णांच्याच ओट्यावर, अण्णांचाच चहा पीत, अण्णा समोर खाटेवर बसलेले असताना! दुसरं नाव घ्यायला गाव काय खुळं होतं?

सगळे चिमटे अण्णांना दिले. ऐन सुगीत गेलो, तर ते देवघरात रांगेनं मांडलेले, हळदकुंकू लावून.

"वापरले नाहीत?"

"मोडलं म्हंजी, सर? तुमी एवढ्या लांबनं आणलंय. लई जपलंय बगा."

सरांनी एक चिमटा उचलला, तरातरा शेतात शिरले आणि स्वतःच उपटायला लागले. ज्वारीच्या पहिल्या ताटाबरोबर चष्मा उपटला, दुसऱ्याबरोबर स्वतःच उपटून मागं जाऊन पडले. बाया हसून हसून बांधावर बसल्या. शेवटी कोंडाबाई उठली.

"आवं सर, द्या हिकडं! ज्वारी उपटायची हाय, दाढ न्हाय."

तिनं दहा-बारा ताटं सपासप काढली, थांबली, आपला तळहात निरखून बघितला. मग हाक मारली, "ए रखमे, हितं ये की!"

दिवस मावळायच्या आत बायांनी अण्णांचं देवघर रिकामं केलं.

येताना मी म्हणालो, "पसरलं की सर! लिहा, प्रयोग यशस्वी."

"अण्णांकडून नाही पसरलं. समीकरण चुकलं."

अहवालात तसंच लिहिलं, 'प्रयोग फसला'. असला महामूर्ख मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही. एक वाक्य खोटं लिहायचं होतं, फक्त एक! प्रकल्प बंद पडला, मिळायची ती बढती हुकली. सर तसेच निवृत्त झाले. गेल्या वर्षी वारले.

यंदा सुगीत जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मैंदर्गीला एका लग्नाला चाललो होतो. रस्त्याकडेला ज्वारीत बायांची ओळ, एकेकीच्या हातात तोच चिमटा. गाडी थांबवली.

"मावशी, हे कुठनं आणलं?"

"भावजयीनं दिलं. तिला तिच्या भनीनं."

"आणि तिला?"

"त्ये कुणाला ठावं? जावा की आता, काम करू द्या."

आणि हात हलवून तिनं मला वाटेला लावलं. तळहातावरची मेंदी अजून शाबूत होती.